दुपटीचं गणित फसवं आहे

हाफ मॅरेथॉनच्या वेळेची दुप्पट म्हणजे फुल मॅरेथॉनचं लक्ष्य, हे मॅरेथॉनच्या सरावावरच्या लेखात मांडलेलं गणित काही पटलं नाही. २१.१ किलोमीटर दोन तासांत पळणारा ४२.१९५ किलोमीटर चार तासांत संपवेलच असं नाही, आणि पहिल्या खेपेला तर नाहीच नाही. तिसाव्या किलोमीटरच्या पुढे स्नायूंमधलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपत येतं, मांड्या दगडासारख्या होतात, पाऊल उचलता उचलत नाही. दुपटीत निदान १५-२० मिनिटं वाढवून धरा. ऊन असेल तर आणखी.

लांब पल्ल्याचा सराव सावकाश करावा, हे लेखातलं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं. आमच्या गटात रविवारी सगळे शर्यत लावल्यासारखे सुटतात आणि मंगळवारी निम्मे गुडघा धरून बसलेले! पळताना शेजारच्याशी धाप न लागता बोलता यायला हवं, ही साधी कसोटी तेवढी लेखात हवी होती.