नुसतेच मोहन जोशी

काल लॅबमध्ये रिपोर्ट घ्यायला गेलो, तर काउंटरवरच्या पोराने नाव वाचलं आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा ओरडला, "मोहन जोशी हाजिर हो!" लोक खिदळले. या नावाचा सिनेमा 1984 चा, पोरगं त्यानंतर कैक वर्षांनी जन्मलेलं, पण हा विनोद बरोबर पोचलाय त्याच्यापर्यंत. (त्यातला कोर्टात खेटे घालणारा म्हातारा भीष्म साहनींनी केला होता, नट मोहन जोशींनी नाही, हेही लोकांना मीच सांगत बसायचं.)

शेजारचे काका सरसावले.

"म्हणजे ते सिनेमातले व्हिलन तुम्हीच?"

"नाही हो."

"तरीच. आवाज तसा नाही तुमचा. मग पुण्याचे काँग्रेसवाले? 2019 ला लोकसभेला बापटांसमोर पडले ते?"

"ते पण नाही."

"मग कुठले?"

"कुठले म्हणजे? मोहन जोशी. मी."

"नुसतेच?"

आता काय बोलणार, हो म्हटलं, नुसतेच. काकांना इतकं वाईट वाटलं की सरकून मला पंख्याखालची जागा दिली आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "होईल हो तुमचंही काहीतरी." मी रिटायरमेंटला आलोय!

नावाचा फायदा व्हायचा तर निवडणुकीतच होतो बहुतेक. 2014 ला रायगडात सुनील तटकरे गीतेंकडून 2110 मतांनी पडले आणि तिथेच अपक्ष उभ्या असलेल्या दुसऱ्या सुनील तटकरेंना 9849 मतं, त्यातली चुकून किती पडली ते त्या मशीनलाच माहीत. त्याच वर्षी छत्तीसगडात महासमुंदला तर चंदूलाल साहूंची रांगच लागली होती. शेवटी 2015 पासून आयोगाने मशीनवर उमेदवाराचा फोटो लावायला घेतला, म्हणजे नुसत्या नावावर भागत नाही हे सरकारी यंत्रणेला कळलं, या लॅबला अजून कळायचंय. कारण मला मिळालेल्या रिपोर्टवर वय 34! शुगर एकदम नॉर्मल, क्षणभर बरं वाटलं खरं, पण माझी शुगर कुणीतरी दुसरे मोहन जोशी घेऊन गेले होते आणि आता ते घरी बसून गोड बंद करत असणार.

"सर, नाव तर बरोबर आहे ना?" पोरगं म्हणालं.

आधार कार्ड, जन्मतारीख, मोबाईल, सगळं लिहून घेतलं होतं, पैसे भरताना. रिपोर्ट देताना त्यातलं एक अक्षर बघायला काय जातं? वर म्हणतो, त्या दुसऱ्या जोशींचा फोन लागत नाहीये, उद्या या, आणि येताना पावती आणा.