मेलेल्या जनावराला कायदा नसतो म्हणे!

मंगळवारी रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज आला. एक रील, आणि खाली, "मावशी, बघ, सगळं लीगल आहे. रविवारी गाडी घेऊन नान्नजला येतेस का?" नान्नज म्हणजे सोलापूरजवळचं अभयारण्य.

भाची दुसऱ्या वर्षाला आहे. 'गॉथ' म्हणतात त्या फॅशनची: काळे कपडे, काळी लिपस्टिक, गळ्यात कवटी. सोलापूरच्या एप्रिलात, सकाळी दहालाच डांबर मऊ होतं तेव्हा, नखशिखांत काळं घालून फिरणाऱ्या पोरीचं मला कौतुकच आहे. घालू दे. पण तिला आता दागिने करून विकायचे आहेत, खऱ्या हाडांचे, आणि त्यासाठी तिने या रीलला गुरू केलंय. दुसऱ्या दिवशी तीच रील बहिणीच्या भिशीच्या ग्रुपवरही आली. मग मात्र मला राहवेना.

रीलवाल्याचं म्हणणं असं: खरं गॉथ म्हणजे खरी हाडं. प्राणी आपोआप मेला असेल तर त्याची हाडं-शिंगं उचलायला कायद्याची आडकाठी नाही. काळवीट दरवर्षी शिंगं टाकतं, ती माळावर नुसती वेचायची. मोरपीस चालतं, मग बाकीचं का नको? आणि ब्लीचमध्ये तासभर उकळलं की हाड निर्जंतुक.

आधी काळवीट, कारण त्याच्यापायीच मला रविवारी गाडी काढायची होती. बाबा रे, काळवीट शिंगं टाकत नाही! एकदा आलेली शिंगं मरेपर्यंत डोक्यावर राहतात. आत हाडाचा गाभा, वर नखासारख्या पदार्थाचं पिळदार आवरण. दरवर्षी गळतात ती चितळाची आणि सांबराची, आणि ती असतात सबंध हाडाची. म्हणजे माळावर काळविटाचं शिंग सापडलं, तर ते काळवीट मेलंय किंवा कुणीतरी मारलंय. तिसरी शक्यता जवळजवळ नाहीच. नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी 1979 साली अभयारण्य झालं. माळढोक आता दिसणं मुश्कील, पण काळविटांचे कळप आणि लांडगे तिथे आहेत. तिथे जाऊन ही पोरगी पिशवीत शिंगं भरणार होती. वर "लीगल आहे" म्हणणार होती. वनरक्षकाला काय, रील दाखवणार?

आता "आपोआप मेलेला" हा मुद्दा. ऐकायला इतका सरळ वाटतो की बहिणीलाही पटला. मी त्या रात्री वन्यजीव संरक्षण कायदा उघडून बसले. 1972 चा कायदा, कलम 39. शिकार केलेला तर सोडाच, मेलेला सापडलेला वन्य प्राणीसुद्धा सरकारच्या मालकीचा असतो, असं तिथे सरळ लिहिलंय. तो किंवा त्याचा अवयव हाती आला तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचं. परवानगीशिवाय तो ठेवायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, नष्टही करायचा नाही. अवयवांच्या यादीत हाड, शिंग, दात, नख, केस, पीस, सगळं नावानिशी आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, त्यामुळे किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि 25,000 रुपयांपासून पुढे दंड. सहाशे रुपयांच्या कानातल्यासाठी!

आणि हा कायदा असा आडमुठा का, तेही सांगते. "मेलेलं सापडलं" एवढं म्हणून सुटता आलं असतं, तर प्रत्येक शिकाऱ्याला जनावर मेलेलंच सापडलं असतं. हाडाकडे बघून ते कसं मेलं हे विकत घेणाऱ्याला कळत नाही. माल खपतो म्हटलं की माळावर फास लावणारे हात तयार होतात.

मोरपिसाचं अर्धं खरं आहे, मान्य. कायद्याने मोराच्या शेपटीची पिसं तेवढी वगळली आहेत. पिसं म्हणजे पिसंच, मोराचा पाय किंवा कवटी नव्हे. एका सवलतीवरून अख्खं जंगल मोकळं होत नाही. गळलेल्या सांबरशिंगाचंही तसंच. आमची आजी सर्दी झाली की सहाणेवर सांबरशिंग उगाळून छातीला लावायची, त्यामुळे ते घराघरात होतं हे मला माहीत आहे. आज त्याचा धंदा करता येत नाही.

ब्लीचबद्दल थोडक्यात. ब्लीच हाड खातं, पृष्ठभाग खडूसारखा भुरभुरीत होतो. उकळल्याने चरबी हाडात मुरते आणि पुढे पिवळे डाग फुटतात. ब्लीच तापवलं की घसा धरणारी वाफ निघते, ती वेगळीच. आणि निर्जंतुक म्हणाल, तर जनावरांच्या फाशी रोगाचे (अँथ्रॅक्सचे) बीजाणू साध्या उकळण्याला सहजी दाद देत नाहीत. म्हणून फाशीने मेलेलं जनावर उघडायचं नाही, चुना टाकून खोल पुरायचं, हे गावाकडच्या शेतकऱ्यालाही ठाऊक असतं. माळावरचं हाड कशाने मेलेल्या जनावराचं आहे, हे त्या रीलवाल्याला कुठून कळलं?

"खरं गॉथ" वगैरे तर राहूच द्या. ही गॉथ मंडळी सत्तरच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या गाण्याबजावण्यातून आली, लंडनचा बॅटकेव्ह क्लब 1982 चा. त्यांनी ज्या व्हिक्टोरियन सुतकी दागिन्यांची नक्कल केली, ते मुख्यतः इंग्लंडातल्या व्हिटबी गावच्या जेटचे असत, म्हणजे लाकडाचा झालेला काळा दगड. फार तर गेलेल्या माणसाच्या केसांची वेणी.

आता भाचीच्या बाजूने एक. हाड म्हणजे अपवित्र, घरात नको, असं जे बहीण म्हणते तेही मला पटत नाही. बोन चायनाच्या कपात चहा पितेस ना? त्यात हाडांची राख असते. उत्तर प्रदेशात संभलला म्हशीच्या हाडा-शिंगांची कारागिरी चालते, बटणं, कंगवे, मुठी. पाळीव जनावराचं हाड, कुठून आलं ते सांगता येतं, तर माझी हरकत नाही.

गुरुवारी ती घरी आली तेव्हा "अस्सल शिंगाचं" म्हणून ऑनलाइन मागवलेलं कानातलं घेऊन आली. भिंगाखाली धरलं. खऱ्या हाडावर सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं दिसतात, शिंगात बारीक धागे. इथे दोन्ही नाही. एका कडेला साच्याची शिवण, आणि आत मोहरीएवढा हवेचा बुडबुडा. रेझिन, म्हणजे साच्यात ओतलेलं प्लास्टिक! पोरगी रडवेली झाली, मला मात्र हायसं वाटलं.

सध्या बहिणीच्या गच्चीवर झाकणाच्या बादलीत खाटकाकडून आणलेली बोकडाची हाडं भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात आहेत. चरबी सुटायला काही आठवडे लागतात, मग पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड. बहिणीचा रोज फोन येतो, वासाबद्दल. बादली माझ्या गच्चीवर आणायची म्हणतेय.