बार्बेक्यू म्हणजे बार्बेक्यू

मी मूळचा कोल्हापूरचा. मटणाबद्दलची मतं मला घरातूनच मिळाली, त्यासाठी वेगळे कष्ट पडले नाहीत. पण गेली चौदा वर्षं टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये काढून मी एक जादाचा माज कमावलाय, तो बार्बेक्यूचा. शनिवारी सकाळी घडीची खुर्ची घेऊन दुकानाबाहेर रांगेत बसायचं. अकराला दार उघडतं, दोनपर्यंत माल खलास. आत गेलं की मांस वजनावर घ्यायचं. ब्रिस्केटला, म्हणजे छातीच्या मोठ्या तुकड्याला, फक्त मीठ आणि मिरी, वर पोस्ट ओकच्या लाकडाचा बारा-चौदा तासांचा धूर. बाहेरून कोळशासारखी काळी साल, तिच्याखाली गुलाबी रेघ. ताट नाही, खाकी कागद. सोबत पांढरा पाव, कांदा, लोणच्याची काकडी. सॉस मागितला तर मिळतो, पण मागणाऱ्याकडे मी ज्या नजरेने बघतो, ती नजर एरवी पांढऱ्या रश्श्यात केचप ओतणाऱ्यासाठी राखून ठेवलेली आहे.

(ब्रिस्केट कशाचं असतं हे आईला अजून सांगितलेलं नाही. फोनवर त्याला आम्ही मटण म्हणतो.)

तर असा मी, ऑक्टोबरात बायकोला घेऊन नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला गेलो. तिथे माझा कॉलेजातला मित्र राहतो, सांगलीचा. पहिल्याच सकाळी चहा पिताना तो म्हणाला, "मर्दा, आज तुला खरं बार्बेक्यू चारतो." 'खरं' हा शब्द मी ऐकून घेतला. पाहुणा होतो.

त्यासाठी लेक्सिंग्टनला जायला दीड तास लागतो. दीड तास मित्राने शिकवणी घेतली. या राज्यात बार्बेक्यूचे दोन पंथ. रालेमधून जाणारा यू. एस. १ हायवे ही साधारण सीमा. पूर्वेकडचे अख्खं डुक्कर भाजतात आणि वर व्हिनेगर-मिरचीचं पाणी मारतात, टोमॅटोचं नाव काढायचं नाही. पश्चिमेकडचे फक्त खांदा भाजतात आणि व्हिनेगरमध्ये थोडं केचप घालतात. तेवढ्या केचपवरून पिढ्यान्‌पिढ्या वाद. साउथ कॅरोलायनात शिरलं की सॉस मोहरीचा, पिवळाधमक. अलाबामात कोंबडीवर मेयोनीजचा पांढरा सॉस. कॅन्सस सिटीत काकवी घातलेला दाट गोड लेप. आम्ही दोघं सांगली-कोल्हापूरचे. पन्नास किलोमीटरवर माणसं किती वाया जाऊ शकतात, हे आम्हाला कुणी पटवून द्यायची गरज नव्हती.

दुकान ठेंगणं, विटांचं. मागच्या बाजूला हिकरीच्या लाकडांची रास, धुराड्यातून निळसर धूर. वास उत्तम होता, हे कबूल. काउंटरवर साठीच्या एक बाई, कानावर पेन्सिल.

"काय देऊ, हनी?"

मी ऑस्टिनच्या सवयीने म्हणालो, "अर्धा पाउंड ब्रिस्केट."

बाईंनी पेन्सिल कानावरून काढली आणि पुन्हा कानावर ठेवली. मागच्या माणसाने खाकरल्यासारखं केलं. मित्र छताकडे बघत होता.

"आमच्याकडे बार्बेक्यू असतं, हनी."

"हो, पण कसलं बार्बेक्यू?"

"बार्बेक्यू."

इथे बार्बेक्यू ही पद्धत नाही, पदार्थ आहे, आणि तो डुकराचाच, हे मित्राने दीड तासात सांगितलं नव्हतं. माझ्या मते मुद्दाम. पुढे प्रश्नांचा मारा. चॉप्ड, कोर्स की स्लाइस्ड? ट्रे की प्लेट? ब्राउन हवं का? स्लॉ लाल की पांढरा? पासपोर्ट ऑफिसातही मी इतका गडबडलो नव्हतो. मी प्रत्येकाला "हो" म्हणालो.

समोर जे आलं ते बघून माझ्या पोटात गोळा आला. मांसाचा बारीक खिमा. ज्या मांसाला दहा तास भाजलं, त्याचा असा सुरीखाली चुरा! मध्ये मध्ये खरपूस काळे तुकडे होते. तेच ते ब्राउन, बाहेरची साल. शेजारी लाल कोबी, म्हणजे त्याच सॉसमध्ये कालवलेली कोशिंबीर. आणि 'हश पपीज' नावाचे मक्याच्या पिठाचे तळलेले लांबुडके गोळे. ती भजीच, फक्त मिरची घालायची राहिलेली आणि साखर चुकून पडलेली. चहा बर्फाचा, आणि इतका गोड की चमचा उभा राहावा.

मी पहिला घास घेतला. व्हिनेगर सरळ नाकात. डोळ्यांत पाणी. "आंबलंय का रे हे?" मी मराठीत विचारलं. बाईंना मराठी येत नव्हतं, पण चेहरा वाचता येत होता. त्यांनी न विचारता पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

आता समर्थनासाठी मी बायकोकडे वळलो. ही मडगावची. आणि ही चक्क डोळे मिटून चावत होती.

"विंदालू," ती म्हणाली.

"काय?"

"लसूण नाही, मसाला नाही. पण तो आंबटपणा तोच. व्हिनेगर आणि डुक्कर. शेजारच्या आंटीकडे नाताळात असायचं." मग बाटली उचलून तिने माझ्या वाट्याच्या मांसावरही सॉस ओतला, न विचारता. बाई लांबून बघून प्रसन्न हसल्या. हिला आणखी एक ट्रे मिळाला, शिवाय ब्राउनचे तुकडे जास्तीचे. मला "हनी" म्हणणाऱ्या बाई हिला आता "माय डार्लिंग" म्हणत होत्या.

"पण तुमच्या घरी तर डुक्कर चालत नाही ना?" मी विचारलं.

"नाहीच चालत. आईला वाटायचं मी आंटीकडे गणित शिकायला जाते."

मी गुपचूप कोबी खाल्ला. कोबी बरा होता. दुसऱ्यांदा जरा जास्तच बरा लागला.

परत येताना गाडीत तिच्या आईचा व्हिडिओ कॉल. मागच्या सीटवर आम्ही दोघं, मांडीवर सॉसची बाटली, कपड्यांना हिकरीचा धूर.

"काय जेवलात गो आज?"

"मटण," ती म्हणाली.

"कोंबडी," मी म्हणालो.

एकाच वेळी.