श्याम रंगीला यांचा अर्ज आणि शपथेची मुदत

विनोदी कलाकारांनी निवडणूक लढवण्यावरच्या एका लेखात श्याम रंगीला यांचा, म्हणजे मोदींची नक्कल करणाऱ्या विनोदी कलाकाराचा, उल्लेख एका ओळीत उरकलाय. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत वाराणसीत त्यांचा अपक्ष उमेदवारी अर्ज कुठे अडकला, ते नीट सांगायला हवं होतं.

अपक्षाला त्याच मतदारसंघातले १० सूचक, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणारे मतदार, लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच. बाहेरून आलेल्या कलाकाराची पहिली दमछाक इथेच होते. एका सूचकाची सही चुकली तरी संख्या ९ वर येते आणि अर्ज जातो. एका उमेदवाराला चार अर्जांची मुभा आहे, त्यामुळे प्रत्येकावर वेगळे १० सूचक घ्यावेत. अनामत (खुल्या प्रवर्गासाठी २५,००० रुपये) एकदाच भरायची.

खरी गोम उमेदवाराने घ्यायच्या राज्यघटनेवरील निष्ठेच्या शपथेत आहे. ती अर्ज दाखल केल्यानंतर आणि छाननीच्या आदल्या दिवसापर्यंतच घेता येते. छाननीच्या दिवशी घेतलेली चालत नाही. रंगीला यांचा अर्ज १४ मे रोजी, म्हणजे शेवटच्या दिवशी दाखल झाला. छाननी १५ ला. म्हणजे शपथेसाठी फक्त त्याच दिवसाचे उरलेले तास. अर्ज फेटाळताना शपथ न घेतल्याचं आणि प्रतिज्ञापत्र अपुरं असल्याचं कारण देण्यात आलं. शेवटच्याच दिवशी अर्ज घ्यायचा तर तिथल्या तिथे शपथ देणं प्रशासनाचंही काम आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रतिज्ञापत्रात, म्हणजे नमुना २६ मध्ये, एकही रकाना कोरा ठेवू नये. माहिती नसेल तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहावं. निवडणूक खर्चासाठीचं स्वतंत्र बँक खातंही अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडावं लागतं.