मधून पुसायचं राहिलंय

आई आमच्याकडे इंग्लंडात रेडिंगला आली, त्याच्या पाचव्या दिवशी सकाळी तिनं स्वैपाकघराच्या खिडकीकडे बोट दाखवलं.

"ही काच कधी पुसली होतीस?"

"शनिवारी."

"आतून?"

"आतून."

"बाहेरून?"

"बाहेरूनही."

"मग हे काय आहे?"

"ते मधून राहिलंय."

आईनं 34 वर्षं शाळेत गणित शिकवलंय. गृहपाठाची वही घरी विसरलेल्या पोराकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं. चिपळूणहून लोणच्याच्या बरणीला गुंडाळून आणलेलं वर्तमानपत्र तिनं घेतलं, त्यावर व्हिनेगर ओतलं आणि पदर खोचला. अर्ध्या तासात खिडकी अशी लखलखीत झाली की मधलं धुकं आणखीच उठून दिसायला लागलं.

आमच्या चिपळूणच्या घरात खिडकी म्हणजे गज, दोन झडपा आणि एक खिटी. काच फक्त वरच्या चौकोनात. ती वर्षाकाठी एकदा माझ्या चेंडूनं फुटायची. मग आठ दिवस पुठ्ठा आणि नवव्या दिवशी लांबी भरून नवी काच. पावसाळ्यात झड आत आली की झडपा लावायच्या, अंधारात बसायचं आणि वीज गेली असं समजायचं. बहुतेक वेळा ती गेलेलीच असायची.

इथल्या खिडकीला दोन काचा असतात. दोन काचांमध्ये वीसेक मिलिमीटरची बंद पोकळी, कडेनं एक पोकळ पट्टी आणि सगळं सीलबंद. त्या पट्टीत बारीक दाणे भरलेले असतात, पोकळीतला ओलावा शोषून घ्यायला. मिठाच्या बरणीत आपण तांदळाचे दाणे टाकतो, तोच प्रकार. कडेचं सील म्हातारं झालं की बाहेरची दमट हवा आत शिरते, दाणे पिऊन पिऊन तुडुंब होतात आणि एका थंड सकाळी दोन काचांच्या मध्ये पाणी दिसायला लागतं. ते पुसता येत नाही, वाळवता येत नाही, दुर्लक्षही करता येत नाही, कारण भांडी घासताना माणूस दुसरीकडे बघणार तरी कुठं? दोन काचांचं पेटंट न्यूयॉर्कच्या टी. डी. स्टेटसन यांनी 1865 साली घेतलं. त्यांची आई तेव्हा त्यांच्याकडे राहायला आलेली नसावी.

आईला मी घामाचं शास्त्रही समजावून सांगितलं. काचेला आतल्या बाजूनं घाम आला तर दोष कुकरच्या चार शिट्ट्यांचा आणि रेडिएटरवर वाळत घातलेल्या टॉवेलांचा. बाहेरून आला तर आनंद मानायचा, कारण घरातली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचत नाहीये. मधोमध आला तर खिसा तपासायचा. शेजारच्या आजोबांच्या काचांवर शरदातल्या सकाळी बाहेरून दव धरतं. ते काय ऐटीत त्या दवाकडे बघत चहा पितात!

खिडक्यांची कागदपत्रं आधीच्या मालकानं घर विकताना फाइलमध्ये नीट लावून दिली होती. 10 वर्षांची हमी होती. काचेच्या कडेच्या पट्टीवर आत बारीक अक्षरांत तारीख छापलेली असते, ती मी बॅटरी मारून वाचली. 2009. हमी मेलेली होती आणि हमी देणारी कंपनी तिच्याही आधी गेली होती.

म्हणून मी एका नव्या कंपनीच्या माणसाला बोलावलं. इंग्लंडात डबल ग्लेझिंग विकणारा माणूस ही एक जमात आहे. तो आला तेव्हा सहा वाजले होते, गेला तेव्हा नऊ. मला एका खिडकीची एक काच हवी होती. त्यानं घरभर हिंडून नऊ खिडक्या मोजल्या, माझ्या भविष्याबद्दल हळहळ व्यक्त केली आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. 14,200 पौंड. मी गप्प बसलो. ती युक्ती नव्हती, वाचा गेली होती. त्यानं 11,000 केले. आईनं त्याच्यापुढे पोहे ठेवले. मग त्यानं व्हरांड्यात जाऊन मॅनेजरला फोन केला आणि डोळ्यांत पाणी आणून 7,900 वर आला. फक्त आज रात्री सही केली तर.

"काय म्हणतोय?" आईनं विचारलं. मी सांगितलं.

"मासळीवाली भाव उतरवते, पण त्यासाठी आपल्याला चार पावलं पुढं जावं लागतं. हा तर आपण सोफ्यावर बसलेलो असतानाच निम्म्यावर आला. मासळी शिळी आहे."

त्यानं आणखी पोहे घेतले, पण सही मिळाली नाही.

शहाणपण शेवटी कुंपणापलीकडून आलं. "खिडकी कशाला बदलतोस?" आजोबा म्हणाले. "चौकट धडधाकट आहे. फक्त काच बदल." म्हणजे दोन काचांचा जोड तेवढा मापानं करून घ्यायचा आणि जुन्या चौकटीत बसवायचा. नवी अख्खी खिडकी बसवली तर 2002 पासून त्याचं नियमाप्रमाणे प्रमाणपत्र लागतं आणि घर विकताना वकील ते मागतो. नुसत्या काचेला काही लागत नाही. एवढी साधी गोष्ट त्या तीन तासांत एकदाही निघाली नव्हती.

बायकोनं लगेच यादीत न्हाणीघराची खिडकी घातली. तीही मधून दमली होती, फक्त तिची काच उभ्या रेघांची असल्यानं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

काच करून देणाऱ्या दुकानातला माणूस सत्तरीचा होता आणि त्यानं आयुष्यात ग्राहक म्हणून फक्त मूर्ख पाहिले असावेत. जाडी किती? मला माहीत नव्हती. मी घरी गेलो. 28 मिलिमीटर. मधली पट्टी पांढरी की काळी? मी पुन्हा घरी गेलो. जुन्या काचेला ऊब राखणारा लेप आहे का? ते कसं कळणार, मी विचारलं. "काचेपुढे ज्योत धर. चार प्रतिबिंबं दिसतील. एकाचा रंग वेगळा दिसला, तर लेप आहे."

घरात मेणबत्ती नव्हती. निरांजन होतं. संध्याकाळी मी दिवे मालवून स्वैपाकघराच्या खिडकीपुढे निरांजन वर-खाली, डावीकडे-उजवीकडे करत उभा राहिलो. खरंच चार ज्योती दिसल्या आणि आतून दुसरी जरा लालसर होती. मी हरखून आणखी एक फेरी घातली.

मागून टाळ्या ऐकू आल्या. आई तालात वाजवत होती.

"झाली का आरती? तीर्थ मधेच दिसतंय, ते कसं घ्यायचं?"

पलीकडच्या अंधारात शेजारचे आजोबा कचऱ्याचा डबा हातात धरून बराच वेळ उभे होते, हे मला नंतर कळलं.

दुकानदारानं पोकळीत आर्गन भरू का, असं विचारलं. आर्गनमधून उष्णता साध्या हवेपेक्षा कमी जाते, म्हणून तो भरतात. हो म्हणालो. घरी आल्यावर आईनं पावती वाचली. आर्गन दिसत नाही, त्याला वास नाही आणि आपण घेतो त्या श्वासात तो जवळपास 1 टक्का असतोच, एवढी माहिती मी अभिमानानं दिली. "म्हणजे हवा विकत घेतलीस," ती म्हणाली आणि पावती देवापुढे ठेवली.

माप मात्र मी मन लावून घेतलं. चौकटीतली पट्टी काढून आतल्या खाचेचं माप घ्यायचं, वर, मधे आणि खाली. त्यातलं सगळ्यांत कमी धरायचं आणि त्यातून 10 मिलिमीटर वजा करायचे, म्हणजे काचेला चौकटीत श्वास घ्यायला जागा राहते. हे सगळं मी केलं. आकडेही बरोबर आले. फक्त अर्जावर मी लांबी गुणिले रुंदी असं लिहिलं. का? आयताचं क्षेत्रफळ लांबी गुणिले रुंदी असतं म्हणून. ते मला कुणी शिकवलं, हे सांगायची गरज नाही. काचेच्या धंद्यात आधी रुंदी येते, मग उंची. गावी काच बसवायला लांबी लागायची, इथे रुंदी लागते, हे मला पैसे भरून झाल्यावर कळलं.

अर्ज घेताना दुकानदारानं चष्म्यावरून बघत एक प्रश्न विचारला होता. "चौकटीच्या खालच्या अंगाला बाहेरून बारीक खाचा असतात. त्या मोकळ्या आहेत ना? चौकटीत पाणी शिरतंच, ते त्यांतून बाहेर जातं. बुजल्या तर काचेची कड पाण्यात उभी राहते आणि सील कुजतं."

मला घाम फुटला, आतल्या बाजूनं. दोन वर्षांपूर्वी थंडीत त्या खाचांतून वारा येतोय असं वाटून मी सिलिकॉनची बंदूक विकत आणली होती. हातात बंदूक आली की माणसाचा स्वभाव बदलतो. खालच्या मजल्यावरच्या सगळ्या खाचा मी एका दुपारी बुजवल्या होत्या, वर ओल्या बोटानं गुळगुळीतही केल्या होत्या.

"आधीच्या मालकानं बुजवल्यात," मी म्हणालो.

"अशी माणसं असतात," तो म्हणाला.

दोन आठवड्यांनी काचा आल्या. स्वैपाकघरातली साधारण 11 किलोची. बायको बाहेर बागेत, मी आत सिंकवर गुडघे टेकून, आई देखरेखीला. काच धरून ठेवणाऱ्या चार पट्ट्या आधी काढायच्या असतात, सर्वांत लांब पट्टीपासून, मधोमध पातळ पत्रा घालून. पहिली पट्टी बंदुकीसारखा आवाज करत सुटली आणि वरणाच्या पातेल्यात पडली. आईनं ती धुऊन तिच्यावर चिकटपट्टी लावून 1 असा आकडा घातला. जुनी काच निघाली.

आणि मग काही वेळ घराला नुसतं भोक होतं. वारा आत आला. कुणाच्या तरी गवत कापायच्या यंत्राचा आवाज आला, ओल्या मातीचा वास आला. आईनं भोकातून हात बाहेर काढून सुनेला कपभर चहा दिला. "अशी खिडकी बरी," ती म्हणाली. "हिला काही होत नाही."

मग तिनं चौकटीच्या तळाशी वाकून बघितलं. तिथं बोटभर काळं पाणी साचलं होतं आणि खाचांच्या तोंडाशी सिलिकॉनच्या पांढऱ्या अळ्या ओळीनं बसल्या होत्या, बोटाचे ठसे जसेच्या तसे.

"हे कुणी केलं?"

गणिताच्या बाईंसमोर आधीचा मालक आठवला नाही. तिनं काही न बोलता क्रोशाची सुई आणली आणि एकेक अळी काढून सिंकच्या कडेवर मांडली. अकरा भरल्या.

स्वैपाकघराची काच, आकडे उलटे असूनही, बसली. साधी काच कशीही फिरवली तरी काचच राहते, क्षेत्रफळ तेच. खाली-बाजूला रंगीत प्लास्टिकच्या चकत्या सारल्या, आकडे लावलेल्या पट्ट्या ठोकल्या. न्हाणीघराची काचही बसली. फक्त तिच्यावरच्या उभ्या रेघा आता आडव्या आहेत. मापानं केलेली काच परत घेत नाहीत. पाहुणे न्हाणीघरातून बाहेर येतात तेव्हा त्यांची मान किंचित कललेली असते. बायको म्हणते, इथला पाऊस आडवाच पडतो, शोभतंय. ती ज्या आवाजात म्हणते, त्या आवाजात नव्हे, पण शब्द तेच.

या देशात 1696 ते 1851 खिडक्यांवर कर होता आणि तो चुकवायला लोकांनी खिडक्या विटांनी चिणून टाकल्या. जुन्या घरांवर त्या चिणलेल्या खिडक्या अजून दिसतात. पूर्वी मला त्या माणसांची दया यायची.

संध्याकाळी आई स्वैपाकघरात उभी राहून नव्या काचेतून बाग बघत होती. मी हात धुऊन शेजारी उभा राहिलो. काच इतकी स्वच्छ होती की आहे की नाही कळत नव्हतं. आईनं चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि खालच्या उजव्या कोपऱ्यापाशी वाकली.

"इथं काहीतरी लागलंय."

तिनं आतून नखानं खरवडलं. मी बाहेर जाऊन फडक्यानं पुसलं. ती काचेमागून मान हलवत होती. मी आत आलो, दोघांनी मिळून बघितलं. कारखान्यात दोन काचा एकमेकींवर चिकटवण्याआधी कुणीतरी एकीला हात लावला होता. ठसा सुरेख उमटला होता, वळणं मोजता येतील इतका.

"निशाणी डावा अंगठा," आई म्हणाली आणि लोणच्याच्या बरणीचा उरलेला कागद शोधायला गेली.