90 दिवसांच्या टाळ्या

आज डोकं तापलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. वेळ नसेल त्यांनी पुढे जावं, राग नाही.

दुपारी आमच्या महापेच्या प्लांटमध्ये मीटिंग होती. फायनान्समधला एक मुलगा प्रेझेंटेशन देत होता. हुशार, मेहनती, कंपनीनेच एक्झिक्युटिव्ह एमबीएला पाठवलेला. त्या कोर्सचं प्रोजेक्ट त्याने आमच्याच कंपनीवर केलं, विषय वर्किंग कॅपिटल, म्हणजे धंदा रोज चालवायला लागणारा पैसा. स्लाइडवर मोठ्या अक्षरांत: पुरवठादारांचे पैसे 45 ऐवजी 90 दिवसांनी. वर्षाला 40 कोटींची खरेदी धरली तर जवळजवळ 5 कोटी रुपये कायम आपल्या हातात राहतात. बँकेचं व्याज वाचतं, लिमिट मोकळी होते. टाळ्या पडल्या. त्याच स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती: नवे व्हेंडर घेताना उद्यम नोंदणी नसलेल्यांना प्राधान्य.

ती ओळ मी मोठ्याने वाचून दाखवली. कोणी काही बोललं नाही. मग चहा आला.

ज्यांचा या भानगडीशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगते. उद्यम नोंदणी म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारदरबारी नोंद. 2006 चा एमएसएमई कायदा म्हणतो की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. हे कोणी देत नाही आणि मागायची कोणाची छाती होत नाही, म्हणून 2023 च्या वित्त कायद्याने आयकराच्या 43बी कलमात नवं पोटकलम घातलं. 1 एप्रिल 2024 पासून ते लागू झालं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षाच्या उत्पन्नातून वजा होत नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षीच होतो. खिशाला चटका बसला तेव्हा कुठे मोठ्या कंपन्या जाग्या झाल्या. आणि जाग्या होऊन काय केलं, तर नोंदणीच नसलेला माणूस शोधायला लागल्या. म्हणजे कायद्याचं छत्र ज्याच्या डोक्यावर नाही तो आधी. या हुशारीला आज आमच्याकडे टाळ्या पडल्या.

आता कोणीतरी म्हणेलच की तुला एमबीएवाल्यांचा राग आहे. अजिबात नाही. मी स्वतः हा कोर्स केलाय, नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार घालवून, आणि त्याचा मला फायदाच झाला. वीस वर्षं मशीनवर डोळा ठेवून काम करणाऱ्या इंजिनीअरला तिथे पहिल्यांदा ताळेबंद वाचता येतो. नफा दिसतो आणि तरी पगाराला पैसे नसतात, असं का होतं ते कळतं. गोडाऊनमधला माल म्हणजे अडकून पडलेली रोकड, हे कळतं. शिकागो विद्यापीठाने 1943 मध्ये कामावर असलेल्या अधिकाऱ्यांसाठी हा प्रकार सुरू केला तेव्हापासून कल्पना तीच आहे, अनुभव असलेल्या माणसाला त्याच्या खुर्चीपलीकडचा धंदा दाखवायचा. चांगली कल्पना आहे. माझ्या हाताखालच्या कोणी विचारलं तर मी आजही कर म्हणून सांगते.

पण खुर्चीपलीकडचं म्हणजे किती पलीकडचं? कंपनीच्या गेटपर्यंतच. माझा सगळा राग त्या गेटवर आहे.

कारण गेटच्या त्या बाजूला माझे बाबा उभे असायचे.

बाबांचा वागळे इस्टेटमध्ये गाळा होता. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, तीन कारागीर. पितळेचे आणि एमएसचे, म्हणजे साध्या पोलादाचे, छोटे पार्ट करून मोठ्या कंपन्यांना द्यायचे. शनिवारी माझी शाळा सकाळची, आई ऑफिसात, म्हणून दुपारी बाबा मला बरोबर न्यायचे. एका कंपनीचं नाव लिहीत नाही, ठाण्यातल्या जुन्या माणसांना सगळ्या कंपन्या माहीत आहेत. गेटवरच्या रजिस्टरमध्ये 'कशासाठी' या रकान्यात बाबा 'पेमेंट' असं लिहायचे. आत अकाउंट्सच्या खिडकीसमोर एक लाकडी बाक होता. त्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालायचे. निघण्याआधी नखांतलं काळं तेल ब्रशने घासायचे, ते निघायचं नाही, मग बाकावर बसले की मुठी मिटून बसायचे. खिडकीतून आवाज यायचा, "चेक तयार आहे, साहेबांची सही राहिलीय. सोमवारी बघा." बाबा म्हणायचे, "बरं साहेब." स्वतःच्याच पैशांसाठी बरं साहेब. परत गाळ्यावर आलो की तिघे कारागीर हात धुऊन पगाराची वाट बघत असायचे.

वर्किंग कॅपिटलच्या लेक्चरला मला हा बाक आठवला. सरांनी फळ्यावर गणित मांडलं: माल किती दिवस पडून, अधिक गिऱ्हाइकाकडून पैसे यायला किती दिवस, वजा आपण पुरवठादाराला द्यायला किती दिवस लावतो. 50 अधिक 60 वजा 45, म्हणजे 65 दिवसांचे पैसे आपल्याला उभे करावे लागतात. ते कमी कसे कराल? वर्गात लगेच उत्तर आलं, शेवटचा आकडा वाढवा. 90 करा, 65 चे 20 होतात. सर म्हणाले, शाब्बास. मी विचारलं की हे जे 45 दिवस आपण वाचवले ते कोणाच्या वहीत गेले? सर चांगले होते, प्रश्न टाळला नाही. म्हणाले, मुद्दा बरोबर आहे, पण आज आपण कंपनीच्या बाजूने बघतोय.

संपूर्ण कोर्समध्ये दुसऱ्या बाजूने बघायचा दिवस आलाच नाही. स्ट्रॅटेजीच्या पेपरात मायकेल पोर्टरची 1979 ची पाच बलं असतात, त्यात एक पुरवठादाराची सौदाशक्ती. ती कमी असेल तर तुमच्या धंद्यासाठी चांगलं. निगोशिएशनमध्ये शिकवतात, समोरच्याकडे दुसरा पर्याय काय आहे ते आधी ओळखा. नसेल तर रेटा. ऑर्गनायझेशनल बिहेवियरमध्ये माणसाचा सन्मान, विश्वास, ताण, सगळं छान असतं, पण ते पगारपत्रकावर असलेल्या माणसाचं. बाकावरच्या माणसावर एक धडा नाही.

आणि गंमत नाही, संताप वाटतो तो याचा, की त्याच कोर्सच्या ऑपरेशन्सच्या पेपरात याचं उत्तर आहे. 1 फेब्रुवारी 1997 ला जपानमध्ये आयसिनच्या कारिया कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथूनच यायचा, आणि टोयोटा साठा ठेवायची काही तासांचा. लाइनी बंद पडल्या. तेव्हा दुसरे पुरवठादार, त्यांच्याही हाताखालचे छोटे वर्कशॉपवाले धावले. ज्यांनी तो पार्ट आयुष्यात केला नव्हता त्यांनीही ड्रॉइंग मागवून, मिळेल त्या मशीनवर तो करून दिला. पैशांचं काय ते आधी ठरवत कोणी बसलं नाही. काही दिवसांत गाड्या पुन्हा बाहेर पडायला लागल्या. ही केस आम्ही शिकलो, भारावून गेलो. मला सांगा, आमच्या प्लांटला उद्या आग लागली तर 90 दिवस लटकवलेला माणूस रात्री गाळा उघडेल का? मी तरी त्याला उघड म्हणून फोन करू शकणार नाही.

बरं, भावना सोडा, हिशेबच करू. 5 कोटी कंपनीने वर्षभर अडकवले, कंपनीला बँक 9 टक्क्यांनी पैसे देते असं धरा, तर 45 लाख वाचले. तोच पैसा पुरवठादाराला बाहेरून उभा करावा लागतो. त्याला 13 टक्क्यांनी मिळाला तरी 65 लाख गेले. बाबांना पतपेढीतून मिळायचा तो याहून महाग होता. मधले 20 लाख कोणाच्याच कामाला आले नाहीत, बँकांच्या घरी गेले. पुरवठादार ते पुढच्या कोटेशनमध्ये लावणार, नाहीतर मालात मारणार, नाहीतर बंद पडणार. त्यात जीएसटी वेगळा. बिल फाडलं की त्याला पुढच्या महिन्यात टॅक्स भरावा लागतो, गिऱ्हाइकाने पैसे देवोत न देवोत. आणि ते गिऱ्हाईक मात्र त्याच बिलावर क्रेडिट घेऊन, म्हणजे तो टॅक्स स्वतःच्या टॅक्समधून वजा करून मोकळं, 180 दिवसांपर्यंत पैसे दिले नाहीत तरी चालतं. म्हणजे माल दिला याने, सरकारला टॅक्स भरला याने, आणि फायदा घेतला दुसऱ्याने. हे त्या स्लाइडवर कुठे होतं?

मान्य, कंपनीलाही तिचं गिऱ्हाईक वेळेवर पैसे देत नाही. मान्य, काही व्हेंडर खराब माल पाठवतात आणि बिल मात्र पूर्ण मागतात, मी स्वतः त्यांची बिलं अडवलीयत आणि अडवणार. बाबांचाही एक लॉट एकदा रिजेक्ट झाला होता, त्याचे पैसे त्यांनी मागितले नाहीत. पण पास झालेल्या मालाचे पैसे अडवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती आपल्या सगळ्यांना कळते.

लिहिता लिहिता त्या मुलाचा राग थोडा उतरलाय. मीटिंगनंतर तो माझ्या केबिनमध्ये आला. म्हणाला, "मॅडम, कोर्सला हेच मॉडेल शिकवलंय, मार्कही चांगले मिळालेत. मी चुकीचं काय केलं ते तरी सांगा." चेहरा पडला होता. मी त्याला बाबांचं सांगितलं, बाकाचं, नखांचं. तो डोंबिवलीचा, त्याच्या मामाचा पॉवरलूमचा धंदा होता भिवंडीत. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ट्रेड्स या ऑनलाइन व्यवस्थेचा पर्याय स्लाइडमध्ये घालतो. त्यात आपण बिल ऑनलाइन मान्य करायचं, बँक पुरवठादाराला लगेच पैसे देते, तेही आपली पत बघून म्हणजे कमी व्याजाने, आणि आपण मुदतीला बँकेला फेडायचे. 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्यावर नोंदणी करणं आता सक्तीचंच आहे. नोंदणी करतात आणि बिलं चढवत नाहीत, हा पुन्हा आमचा रोग. हे सगळं त्या पोराला माहीत होतं. त्याला कोणी ते विचारलं नव्हतं, एवढंच. अशा मुलाला घडवायला घेऊन वर्षभर एकच बाजू शिकवता, याचा राग मात्र उतरत नाही.

बुधवारी कमिटी आहे. माझी नोट मी संध्याकाळीच पाठवली. नोंदणीवाली ओळ काढून टाका, छोट्या व्हेंडरांना 90 दिवसांतून वगळा, ज्यांची नोंदणी नाही त्यांना आपणच करून द्या. उद्यम नोंदणी फुकट आहे, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते. बघू काय होतं ते. वाकडं झालं तरी नोट रेकॉर्डवर राहील.

माझ्या यादीत मॅनेजमेंट शिकवणारे दोन-तीन जण आहेत, त्यांना उघडच सांगते. आपल्या डबेवाल्यांवर हार्वर्डने 2010 मध्ये केस लिहिली, त्याचं तुम्ही सगळे वर्गात कौतुक करता, करायलाच हवं. म्हणजे छोट्या माणसाला केसमध्ये जागा आहे. मग रबाळे, तुर्भे, वागळे इथल्या एखाद्या गाळेवाल्याला वर्किंग कॅपिटलच्या तासाला बोलवा. त्याची वही त्याच्यासोबत येऊ द्या. फळ्यावर एका बाजूला कंपनीचे दिवस लिहा, दुसऱ्या बाजूला त्याचे, आणि तो समोर बसलेला असताना विद्यार्थ्यांना 45 चे 90 करून दाखवायला सांगा. माणूस मिळत नसेल तर मला मेसेज करा, माझ्या ओळखीत तयार असलेले आहेत. बाबा आता शहात्तरचे आहेत, त्यांनाही विचारलंय, ते येतो म्हणालेत.