साइन मेरा है

आज दुपारी जेवताना भाच्यावर ओरडलो. रजेवर आलेला पोरगा, बहिणीने त्याच्यासाठी मुद्दाम पुरणपोळी केलेली, आणि मी ताटावर बसून आवाज चढवला. बहीण अजून माझ्याशी नीट बोलत नाहीये. पण राग उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

भाचा अग्निवीर आहे, टेक्निकलमध्ये. गाड्यांच्या दुरुस्तीचं काम. वय एकवीस. जेवता जेवता हसत सांगत होता, की वरून इन्स्पेक्शन येणार म्हणून चौदा गाड्यांच्या ब्रेक तपासणीचे कागद एका बैठकीत भरले. गाड्या बाहेर उभ्या, हे आत टेबलावर. सीनियर म्हणाला, "साइन मार दे, गाडी कल देख लेंगे." दुसऱ्या दिवशी पहाटे त्यातल्या काही गाड्या माणसं घेऊन डोंगरात गेल्या. मी विचारलं, मग बघितल्या कधी? तर म्हणतो, "मामा, सगळेच करतात. काही होत नाही."

काही होत नाही! अरे, एअर ब्रेकच्या टाकीत पाणी साचतं. ते रोज काढावं लागतं. नाही काढलं तर थंडीत पाइपात, व्हॉल्व्हमध्ये बर्फ होतं आणि ड्रायव्हरने पेडल दाबलं तरी हवा चाकापर्यंत पोचत नाही. टाकीखालचा कॉक उघडायचा, फस्स करून पाणी बाहेर येतं, बंद करायचा. मिनिटभराचं काम. त्या मिनिटाच्या जागी सही झाली. मागे बसलेली वीस पोरं कुणाच्या तरी घरचीच असणार ना?

मी वीस वर्षं एअर फोर्समध्ये एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल-दुरुस्ती करणारा होतो, हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. काय झालं होतं ते मात्र आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

मी एलएसी, म्हणजे खालच्या हुद्द्याचा जवान होतो, भाच्यापेक्षा वर्षभराने मोठा असेन. उत्तरेतलं एक स्टेशन, मे महिना. दिवसाची शेवटची सर्व्हिसिंग संपली आणि मला घाई होती, कारण मेसजवळ त्या रात्री पडद्यावर सिनेमा होता. आमच्याकडे टूल बोर्डावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असायची. पाना जागेवर नसेल तर त्याची रिकामी आकृती लांबूनही डोळ्यांत भरते. काम संपलं की हत्यारं मोजायची, रजिस्टरवर सुपरवायझरची सही घ्यायची. वॉरंट ऑफिसर साहेब मल्याळी होते, बोलणं कमी. मी रजिस्टर पुढे केलं, म्हणालो, "पूरा है सर." मी मोजलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

रात्री अकराला खाटेवर पडल्या पडल्या आठवलं. दहा नंबरचा रिंग पाना बोर्डावर लावल्याचं मला आठवतच नव्हतं.

खरं सांगतो, अर्धा तास मी तसाच पडून होतो. पान्याचे पैसे भरून देता आले असते. पण तो विमानात राहिला असेल तर? विमान वळवणाऱ्या कंट्रोल रॉडच्या बाजूला एखाद्या पॅनेलच्या आत? सकाळी पायलट येणार, फॉर्म ७००, म्हणजे विमानाच्या देखभालीची नोंद बघणार, खाली आमच्या सह्या आहेत म्हणून आपली सही करणार आणि शिडी चढणार. तो विमानाखाली वाकून किती बघणार? तो आमच्या सहीवर विश्वास ठेवूनच चढतो.

सायकल घेऊन साहेबांच्या क्वार्टरवर गेलो. दार त्यांनीच उघडलं, लुंगीवर होते. मी सांगितलं. वाटलं, आता कानाखाली बसणार. ते आत गेले, युनिफॉर्म चढवून बाहेर आले आणि माझ्याच सायकलच्या कॅरिअरवर बसले. पन्नाशीचा माणूस. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. हँगरवर पोचल्यावर पहिला फोन इंजिनीअरिंग ऑफिसरना केला: सकाळी विमान मिळणार नाही, हत्यार कमी आहे.

मग शोध. जेवढे हाताशी होते तेवढे उठवून आणले, टॉर्च दिले, एकेक पॅनेल उघडायला लावलं. आणि वॉरंट साहेब स्वतः गुडघ्यांवर. इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या पोकळीत, सरपटत तेच गेले. मी म्हणालो सर मी जातो, तर हाताने बाजूला केलं. त्यांच्या त्या ढोपरांवरचे तेलाचे काळे डाग मला अजून दिसतात.

सव्वातीनला पाना सापडला. हायड्रॉलिक ट्रॉलीच्या ट्रेमध्ये, चिंधीखाली. विमानात तो नव्हताच. एक जण पुटपुटला, फुकट रात्र गेली. साहेब म्हणाले, "मिल गया ना. अब सो जाओ."

भाच्याला हे सगळं सांगत होतो तर तो मध्येच म्हणाला, बघा, विमानात नव्हताच ना! तिथेच माझा आवाज चढला. अरे बाबा, तो विमानात नाही हे कळायलाच तर चार तास घातले. २५ जुलै २००० ला पॅरिसला कॉन्कॉर्ड पडलं, ११३ माणसं गेली. आधी उडालेल्या दुसऱ्या विमानाची एक पत्र्याची पट्टी धावपट्टीवर पडली होती, तिने टायर फुटला, टायरच्या तुकड्याने टाकी फुटली. ती पट्टी ठरल्याप्रमाणे बनवलेली नव्हती, बसवलेलीही नव्हती, असं चौकशीत निघालं. म्हणजे कुठल्या तरी हँगरमध्ये कुणीतरी "चालतंय" म्हणालं असणार.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. कारण पोरगं म्हणालं ते खोटं नाही. चार वर्षांची नोकरी, त्यातले फार तर २५ टक्के पुढे कायम होणार, आणि शेरा लिहिणार तोच सीनियर. त्याला हा पोरगा "नाही सर, आधी गाडी बघतो" कसं म्हणणार? माणसं कमी, गाड्या जास्त, कागद त्याहून जास्त, हेही मान्य. मी उगाच एकवीस वर्षांच्या पोरावर ओरडलो. ओरडायला हवं होतं त्या सीनियरवर. ईएमईचं, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलाचं ब्रीद "कर्म ही धर्म" आहे. ते वाचून कुणी गाडीखाली जात नाही. सीनियर आधी गाडीखाली गेलेला दिसला की पोरं जातात. मी गेलो तसाच गेलो. पुढची सगळी वर्षं मी रोज बोर्ड मोजला तो नियम होता म्हणून नव्हे, ती ढोपरं बघितली होती म्हणून.

मुख्य गोष्ट तर सकाळची आहे. सगळे रांगेत उभे. इंजिनीअरिंग ऑफिसर तापलेले. किसने किया? माझे पाय लटपटत होते, तोंड उघडणार एवढ्यात वॉरंट साहेब एक पाऊल पुढे आले. "साइन मेरा है सर. गिना नहीं." बस. खोटं मी बोललो होतो, पण माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

२६ फेब्रुवारी २०१४ ला मुंबईजवळ समुद्रात सिंधुरत्न पाणबुडीत धूर झाला, दोन अधिकारी गेले. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशींनी राजीनामा दिला. आधीच्या अपघातांचीही जबाबदारी घेतली. तेव्हा ऑफिसातले लोक म्हणत होते, त्यांनी थोडीच केबल जोडली होती? एका माणसाने खुर्ची सोडून पाणबुड्या दुरुस्त होत नाहीत, हेही खरं. पण बातमी बघताना माझ्या कानात एकच वाक्य होतं. साइन मेरा है.

संध्याकाळी भाचा अंगणात आला, शेजारी बसला. दुपारचं काही बोलला नाही. बऱ्याच वेळाने विचारलं, "मामा, त्या साहेबांचं पुढे काय झालं?"

मी खरं ते सांगितलं. लेखी ताकीद मिळाली. त्या वर्षीच्या प्रमोशनच्या यादीत नाव आलं नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून टूल बोर्डाच्या कपाटाची किल्ली त्यांनी माझ्याकडे दिली.

तो गप्प बसला. परवा त्याची गाडी आहे, साताऱ्याहून.